नव्या औषधाची पहिली मात्रा



नवे तणनाशक आले की आम्ही ते एकदम दहा एकरांवर मारायला सांगत नाही. गुंठ्या-गुंठ्याचे वाफे पाडतो. एकाला कमी मात्रा, दुसऱ्याला थोडी जास्त, तिसऱ्याला त्याहून जास्त. तण किती मेले ते नंतर. आधी पीक करपले का, ते पाहतो. माणसाच्या औषधाची पहिली चाचणीही बरीचशी अशीच असते. पण करपलेला वाफा नांगरून टाकता येतो, माणसाचे तसे नाही.

या चाचणीविषयी गावोगाव दोन गोष्टी ऐकायला मिळतात. कोणी म्हणतो, नवे औषध म्हणजे हमखास गुण. कोणी म्हणतो, गरिबाला उंदरासारखे वापरतात. ही खरी हकिकत वाचा आणि मग ठरवा.

रक्ताच्या कर्करोगाचे अनेक प्रकार आहेत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारात रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात नोवेल व हंगरफोर्ड या संशोधकांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट रौली या विदुषीने त्याचा उलगडा केला. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले गेले होते. या चुकीच्या जोडणीतून एक प्रथिन तयार होते व ते पेशीला वाढीचा हुकूम देतच राहते. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर चिकटून बसावा आणि मोटार बंदच होऊ नये, तसे.

हा चिकटलेला स्टार्टर बंद करणारे औषध म्हणजे इमॅटिनिब. डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी जून १९९८ मध्ये अमेरिकेत ते रुग्णांना देण्यास आरंभ केला. इंटरफेरॉन या त्या वेळच्या उपचाराने ज्यांना गुण आला नव्हता किंवा ज्यांना तो सोसला नव्हता, असे ८३ रुग्ण या चाचणीत होते. सुरुवात झाली दिवसाला २५ मिलिग्रॅमपासून. त्या गटाला त्रास नाही असे दिसल्यावर पुढच्या गटाला जास्त, असे करीत मात्रा १००० मिलिग्रॅमपर्यंत नेली.

येथे जरा थांबा. पहिल्या गटातील माणसांनी जी गोळी घेतली, तिची मात्रा गुण येण्यास अपुरी होती. पण त्यांनी ती घेतली म्हणूनच पुढच्यांना जास्त मात्रा देता आली. मला विचाराल तर या हकिकतीतले मोठे लोक तेच.

३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त तपासणीत पूर्ववत आले, तेही बहुतेकांचे चार आठवड्यांच्या आत. मळमळ, अंगावर सूज, स्नायूंत गोळे येणे असे त्रास झाले, पण बहुधा सौम्य. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. मात्र रोग अखेरच्या अवस्थेला पोहोचलेल्यांना आलेला गुण पुष्कळदा टिकला नाही, हेही त्याच काळात दिसून आले.

असे यश क्वचितच. पहिल्या पायरीवर चढलेली बहुतेक औषधे बाजारापर्यंत पोहोचतच नाहीत. या पायरीवर मुख्य प्रश्न असतो तो किती मात्रा माणसाला सोसते हा. रोग बरा होईल असे वचन त्यात नसते. कोणी तसे वचन देऊ लागला तर सावध व्हा.

आपल्या देशात २०१९ च्या नियमांप्रमाणे रुग्णाची लेखी संमती लागते. मध्येच चाचणी सोडण्याचा त्याला हक्क आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर संमतीपत्र समजावून सांगताना निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. म्हणून घरातल्या कोणापुढे असा कागद आला, तर सही-अंगठ्याआधी डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: आमचा माणूस मात्रेच्या कोणत्या पायरीवर असेल, आणि त्याच्या आधीच्या पायरीवरच्या लोकांना काय झाले?