डिस्कचा संशय आला? आधी कॉपी, मग चौकशी

‘काल रात्रीपर्यंत छान चालत होती हो, सकाळी एकदम उडाली!’ कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य नेहमीचं. डिस्कमध्ये लेकीच्या बारशापासून दहावीपर्यंतचे फोटो. दुकानदार वायर जोडतो, कान जवळ नेतो. टक… टक… टक. मग चकती फिरायची थांबते आणि दुकानदार मान हलवतो. ही वेळ येते त्यामागे हार्ड डिस्कबद्दलचे काही पक्के गैरसमज असतात.

गैरसमज : आवाज येतोय, पण चालतेय ना!
वस्तुस्थिती : बारीक घरघर नेहमीची. एका तालात पडणारी टक-टक मात्र धोक्याची. आतली चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगतं. आपला केस साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून ही फट किती बारीक ते कळेल. हेडला आपली जागा सापडेना की ते मागे जातं, पुन्हा प्रयत्न करतं, तीच टक-टक. हेड चकतीला घासत असेल तर प्रत्येक फेऱ्यात चुंबकीय थर खरवडला जातो आणि डेटा कायमचा जातो. म्हणून ‘पुन्हा एकदा चालू करून बघू’ म्हणू नका. बंद करा.

गैरसमज : तपासणीत ‘गुड’ आलं, म्हणजे डिस्क ठणठणीत.
वस्तुस्थिती : डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती दिसते. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. उलट, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. थोडक्यात, ‘गुड’वर विसंबू नका, पण ‘कॉशन’ दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा.

गैरसमज : फॉरमॅट मारला की बॅड सेक्टर जातात.
वस्तुस्थिती : खराब झालेली जागा बरी होत नाही. डिस्क ती बाजूला टाकते आणि राखीव जागेतला तुकडा वापरते. अशा बाजूला टाकलेल्या जागांचा आकडा आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर डिस्क उतरणीला लागली. अशा डिस्कवर तासन् तास दुरुस्तीची स्कॅन चालवणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला गड चढायला लावणं.

गैरसमज : कॉम्प्युटर स्लो झाला, म्हणजे डिस्क गेली.
वस्तुस्थिती : रॅम कमी असेल, व्हायरस असेल, नाहीतर नुसती केबल सैल असेल. स्मार्टमध्ये सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला. ठरावीक फोल्डर उघडताच मशीन हँग होणं, फाइलींची नावं विचित्र चिन्हांत दिसणं, डिस्क मध्येच यादीतून गायब होणं, असं दिसलं तर मात्र संशय डिस्कवरच घ्यावा.

गैरसमज : फ्रीजरमध्ये ठेवली की चालते.
वस्तुस्थिती : बाहेर काढताच दव धरतं आणि ओलावा चकतीवर बसू शकतो. घरी झाकण उघडणंही तसंच धोक्याचं. धुळीचा कण हेड आणि चकतीमधल्या फटीच्या शेकडो पट मोठा असतो.

गैरसमज : एसएसडी कधी जात नाही.
वस्तुस्थिती : तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून टक-टकही नाही. पण लिहून लिहून तिच्या पेशी झिजतात आणि कंट्रोलर बिघडला तर ती एका क्षणात गप्प होते.

तेव्हा संशय आला की निदानाच्या मागे न लागता आधी कॉपी करा, तीही परत न मिळणाऱ्या गोष्टींपासून. सिनेमे नंतर. टक-टक सुरू झाली असेल तर तेही नको. डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या. एरवी तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा जुना नियम पुरेसा आहे. वॉरंटीत नवी डिस्क मिळते. बारशाचे फोटो मिळत नाहीत.