कमी आकड्यांचे नायक

'फॉलआउट 2' या 1998 च्या खेळात क्लॅमथ नावाचे एक गाव लागते. तिथे टॉर नावाचा गुराखी दोन डोक्यांच्या गायी राखतो. टॉर मंदबुद्धीचा. बोलायला गेले की तुटक शब्दांत काहीबाही पुटपुटतो, कसल्याशा किडेमाणसांना घाबरतो. आता तोच खेळ नव्याने सुरू करायचा, आपल्या पात्राची बुद्धी पार तळाला ठेवायची आणि पुन्हा टॉरपाशी जायचे. या वेळी दोघांचे संभाषण एकदम अस्खलित होते. लांबलचक, घाटदार वाक्ये, जडजंबाळ शब्द, आणि एकमेकांच्या म्हणण्याची पूर्ण समज. गावातल्या शहाण्यांना जो कळत नाही, तो या दुसऱ्या मंद माणसाला अक्षरन् अक्षर कळतो.

संगणकावरच्या आरपीजी, म्हणजे पात्र घडवून त्याची भूमिका खेळायच्या खेळांबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बहुतेक लेखन मोठ्या आकड्यांच्या प्रेमात पडलेले असते. ताकद 18 केली तर कुठली तलवार पेलते, कुठला बिल्ड कुठल्या राक्षसाला तीन फटक्यांत लोळवतो, याच्या चर्चेत रात्री सरतात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे गेली पंचवीस वर्षे वेगळे आहे. पात्राच्या अंगी काय नाही, यावरून आरपीजी जोखावी. कमी आकडा पडला की खेळ त्याची दखल कशी घेतो, तिथे बनवणाऱ्याची खरी कसोटी लागते.

1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने सहा गुण ठरवले, तीन फासे टाकून 3 ते 18 चा आकडा काढायला शिकवले, हे वाचकांना ठाऊकच आहे. पुढच्या वर्षीच इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी त्याच्या संगणकी आवृत्त्या केल्या. मग 'रोग' आला, 1981 मध्ये 'विझर्ड्री' आला. सहा जणांची टोळी घेऊन भुयारात उतरण्याची त्याची रीत जपानपर्यंत पोचली आणि तिथून 'ड्रॅगन क्वेस्ट'चा वेगळाच वंश सुरू झाला. या सगळ्या काळात आकडे हे लढाईच्या हिशेबासाठीच होते. त्यावर इथे रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळायचे ते 1985 च्या 'अल्टिमा 4' पाशी. रिचर्ड गॅरियटने या खेळात शेवटी मारायचा दुष्ट राजाच ठेवला नाही. सुरुवातीला एक भविष्य सांगणारी बाई सात पेचप्रसंग विचारते. प्रामाणिकपणा की करुणा, न्याय की त्याग, असे. उत्तरांवरून पात्राचा पेशा ठरतो. ज्याचा कल नम्रतेकडे, तो मेंढपाळ होतो, आणि मेंढपाळ हा लढाईत सगळ्यांत दुबळा. नम्र माणसाला खेळ दुबळे शरीर देतो आणि याच शरीरानिशी पुढचा रस्ता चालायला लावतो. वाटेत जडीबुटी विकणारी आंधळी बाई भेटते. किती पैसे दिले हे तिला दिसत नाही. कमी दिले तरी माल मिळतो, मात्र प्रामाणिकपणाचा आकडा आत कुठेतरी गुपचूप घसरतो. पडद्यावर तो आकडा कधीच दिसत नाही. आपल्या वागण्याचा हिशेब कुणीतरी ठेवते आहे, एवढीच जाणीव खेळाडूला असते.

आठ सद्गुण साधले की पात्र 'अवतार' होते. शब्द आपल्याकडचा, गॅरियटने तो हिंदू कल्पनेवरूनच घेतला. पण दिशा उलटी झाली. कोकणात दशावतार पाहत रात्र जागवलेल्या माणसाला अवतार म्हणजे देवाचे खाली उतरणे, शब्दाचा धात्वर्थही तोच. गॅरियटचा अवतार म्हणजे साध्या माणसाने वर चढणे. ही उलटापालट एखाद्या मराठी अभ्यासकाने नीट मांडायला हवी.

नव्वदीत दोन वाटा फुटल्या. एक 'डायब्लो'ची. डेव्हिड ब्रेविकचा हा खेळ आधी पाळीपाळीने खेळायचा होता, तो क्षणाक्षणाला माउस बडवायचा झाला आणि जगभर तुफान चालला. खरी आरपीजी तीच, बाकी सगळी वाचनालये, असे म्हणणारा एक गट तेव्हाही होता आणि आजही आहे. या मंडळींना गुण म्हणजे फक्त शस्त्राची धार वाटते. त्यांच्याशी वाद घालून उपयोग होत नाही, कारण त्यांनी संवादाची खिडकी उघडून कधी वाचलेलीच नसते.

दुसरी वाट 1997 च्या 'फॉलआउट'ची. टिम केन आणि सहकाऱ्यांनी आधी 'गर्प्स' ही तयार नियमावली वापरायची ठरवले होते. तो करार फिसकटला आणि घाईघाईत त्यांनी स्वतःची पद्धत रचली: ताकद, निरीक्षण, सहनशक्ती, छाप, बुद्धी, चपळाई, नशीब. सात गुण, प्रत्येकाला 1 ते 10. गडबडीत जन्मलेली ही पद्धत आजवरच्या सर्वांत टिकाऊ पद्धतींपैकी एक ठरली, कारण तिच्यातला प्रत्येक आकडा बोलण्यात उतरतो. बुद्धी 4 च्या खाली असेल तर पात्राला धड वाक्य जुळवता येत नाही. लोक त्याला हाकलतात, काही कीव करतात. आणि ज्याने बोलण्यात गुण घातले, हातात पुरावा मिळवला, तो शेवटच्या शत्रूला, 'मास्टर'ला, एकही गोळी न झाडता हरवू शकतो. तू निर्माण केलेल्या नव्या वंशाला मुलेच होऊ शकत नाहीत, एवढे त्याला पटवून द्यायचे. आपले सगळे स्वप्न फोल होते हे कळताच तो स्वतःलाच संपवतो.

याच मालिकेतला भारताशी जोडलेला एक प्रसंग नोंदवण्याजोगा आहे. 2008 मध्ये 'फॉलआउट 3' ची एक्सबॉक्स 360 आवृत्ती भारतात आणणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. सांस्कृतिक संवेदनशीलता एवढेच मोघम कारण दिले. खेळातल्या दोन डोक्यांच्या गायींना 'ब्राह्मिन' म्हणतात, म्हणून हे झाले असावे, असा तर्क खेळाडूंनी लढवला. कंपनीने नेमके कारण सांगितले नाही. खेळायचे त्यांनी संगणकावर खेळलेच.

आता 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'. 1999, ब्लॅक आयल स्टुडिओ, मुख्य रचनाकार ख्रिस अॅव्हेलोन. चार सीडींचा हा खेळ प्रस्तुत लेखकाने पुण्यात एका मित्राच्या संगणकावर, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवून खेळला. शब्दकोश पुरला नाही. सिजिल शहरातली माणसे 'बर्क', 'कटर' असे जुन्या लंडनच्या चोरभाषेवरून घडवलेले शब्द बोलत होती. त्यांचा अर्थ संदर्भावरूनच लावायचा होता, आणि नायकालाही नेमके तेच करावे लागत होते. तो शवागारात जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचे नावही आठवत नसते. तो मरू शकत नाही. मेला की पुन्हा उठतो आणि मागचे विसरतो. ज्या खेळप्रकारात मरण म्हणजे पराभव, तिथे मरण हीच पात्राची व्यथा केली गेली.

'टॉर्मेंट'मध्ये सर्वांत मोलाचा गुण शहाणपण. लढाईत त्याचा फारसा उपयोग नाही. पण ते वाढवले की विसरलेल्या जन्मांच्या आठवणी परत येतात, आणि त्या बहुतेक लाजिरवाण्या निघतात. आपण कुणाला फसवले, कुणाला सोडून गेलो, हे कळत जाते. म्हणजे गुण वाढवण्याचे बक्षीस म्हणून वेदना मिळते. कमी शहाणपणाचा नायक सुखाने अज्ञानात राहतो आणि खेळ त्याला अडवत नाही.

त्याहून बारीक कारागिरी संवादांत आहे. काही ठिकाणी उत्तराच्या यादीत एकच वाक्य दोनदा येते. एकापुढे 'खरे' लिहिलेले, दुसऱ्यापुढे 'खोटे'. समोरच्याला ऐकू येते ते अगदी सारखेच. 'मी तुला मदत करीन' हे मनापासून म्हटले की वेळ मारून नेण्यासाठी, ते फक्त खेळाडूला आणि खेळाला माहीत. नायकाची वृत्ती त्यावरून कलते. हेतू हा हिशेबात धरण्याची इतकी साधी युक्ती नंतरच्या कितीतरी महागड्या खेळांना सुचली नाही. आणि नाव विचारणाऱ्यांना वेळोवेळी 'अडान' हे खोटेच नाव सांगत राहिले, तर एक दिवस अडान नावाचा माणूस शहरातल्या एका गुत्त्यात खरोखरच भेटतो. सिजिलमध्ये श्रद्धेने वस्तू घडते, हा नियम कुठल्याही माहितीपत्रकाने न सांगता खेळाडूच्या हातून सिद्ध होतो.

'टॉर्मेंट'ला समीक्षकांनी डोक्यावर घेतले, विक्री मात्र बेताची झाली. या वाटेवरच्या खेळांचे बहुतेक असेच झाले. 'फॉलआउट' सोडून आलेल्यांनी काढलेल्या ट्रॉइका स्टुडिओचा 'व्हॅम्पायर: ब्लडलाइन्स' 2004 मध्ये नेमका 'हाफ-लाइफ 2' च्याच दिवशी बाजारात आला. त्यात नोस्फेरातू कुळाचा रक्तपिपासू निवडला तर चेहरा इतका विद्रूप की उघड्या रस्त्यावर फिरण्याची सोय नाही. गटारांतून वाट काढायची. माल्केव्हियन निवडला तर तो वेड्या द्रष्ट्यासारखा बोलतो, रस्त्यावरच्या पाटीशी भांडतो, आणि कथेचे रहस्य नकळत आधीच सांगून टाकतो. एकच शहर कुळागणिक वेगळे होते. ट्रॉइका पुढच्याच वर्षी बंद पडला.

मग उतरण लागली. 'मोरोविंड'मध्ये (2002) पत्ता विचारला तर माणूस शब्दांत सांगायचा, नदीकाठाने जा, मोठ्या खडकापाशी वळ. 2006 च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये होकायंत्रावर बाण आला आणि ऐकण्याची गरज संपली. 2011 च्या 'स्कायरिम'ने ताकद, बुद्धी वगैरे गुणच काढून टाकले. आरोग्य, जादू आणि दम एवढे तीन पट्टे उरले. कोट्यवधी प्रती खपल्या. 2015 च्या 'फॉलआउट 4' मध्ये संवादाला चारच पर्याय, आणि नायकाच्या तोंडी आधीच ध्वनिमुद्रित केलेला आवाज. मंदबुद्धीचा नायक त्यात शक्यच नव्हता, कारण आवाज एकच. खेळ सर्वांपर्यंत पोचायचा तर आकडे नकोत, असे सांगणारे तेव्हा बरेच होते. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की आकडे गेल्यावर सगळ्यांच्या वाट्याला एकच नायक आला, याचे त्यांना काहीच कसे वाटले नाही?

या काळातला अपवाद 2010 चा 'फॉलआउट: न्यू व्हेगास'. त्यात कौशल्य अपुरे असेल तर पर्याय लपत नाही, तेच बोलणे बावळटपणे लिहिलेले दिसते आणि खेळाडूला ते निवडताही येते. अॅव्हेलोननेच पुढे सांगितले, की समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर 85 गुण मिळाले असते तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला बोनस मिळणार होता. मिळाले 84.

2012 मध्ये जुन्या खेळाडूंनी स्वतःच्या खिशातून पैसे काढले. 'वेस्टलँड 2' आणि 'पिलर्स ऑफ इटर्निटी' लोकवर्गणीतून उभे राहिले, दुसऱ्याला जवळजवळ चाळीस लाख डॉलर मिळाले. दोन्ही खेळ सज्जन आहेत, आदराने जुनी घडी उलगडतात. मात्र नवी घडी घातली ती एस्टोनियातल्या माणसांनी.

2019 चा 'डिस्को एलिझियम' हा कमी आकड्यांचा विजय आहे. त्याचा मुख्य रचनाकार रॉबर्ट कुर्विट्झ याने खेळातल्याच जगावर 2013 मध्ये एस्टोनियन भाषेत कादंबरी लिहिली होती, ती फारशी वाचली गेली नाही. खेळात चोवीस कौशल्ये आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा आवाज आहे. तर्क कानाशी लागतो, सहानुभूती मध्येच बोलते, शहराची थंडी अंगावर काटा आणून काही सुचवते. एखादे कौशल्य फार वाढवले तर ते डोक्यावर बसते. विश्वकोशी ज्ञान वाढवले तर खुनाचा तपास सोडून भलतीच माहिती पुरवत राहते. शरीराचा आकडा 1 ठेवला, तर खेळाच्या पहिल्याच खोलीत दिवा लावताना नायक हृदय बंद पडून मरू शकतो. फासे उलटे पडले तरी कथा अडत नाही, वेगळ्या दाराने आत जाते. शेजारी किम कित्सुरागीसारखा संयमी सहकारी असतो आणि प्रत्येक फजितीनंतर तो काय म्हणेल, याची खेळाडूला खरी लाज वाटते. त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये या खेळाने चार पारितोषिके घेतली, त्यांत सर्वोत्तम आरपीजीचेही होते. कुर्विट्झ आणि त्याचे काही निकटचे सहकारी स्टुडिओतून बाहेर पडल्याचे 2022 मध्ये जाहीर झाले. असा चमू पुन्हा जमणे कठीण.

2023 च्या 'बाल्डर्स गेट 3' ने सगळी मोठी पारितोषिके जिंकली. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचे काम अफाट आहे. मेलेल्यांशी, जनावरांशी बोलता येते, पडद्यावर फासा गडगडताना छाती धडधडते. तरीही बुद्धी 8 असलेला नायक आणि 16 असलेला नायक बहुतेक ठिकाणी एकाच भाषेत बोलतात. टॉरची आठवण झालेल्याला ही उणीव टोचतेच.

आपल्याकडे काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' 2020 मध्ये आला. देखणा आहे, पण तो धावपळीचा, साहसाचा खेळ. आरपीजीच्या जवळ जाणारा 2014 चा 'अनरेस्ट' प्राचीन भारताच्या धर्तीवरच्या काल्पनिक नगरीत घडतो आणि दुष्काळात सापडलेल्या सामान्य माणसांच्या भूमिका खेळाडूला देतो. तो फार थोड्यांनी खेळला.

मराठीत अशी एक गोष्ट आहे, जी इंग्रजीतल्या या कुठल्याच खेळाला साधणार नाही. त्यांच्याकडे सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. छाप कमी असलेल्या नायकाला पाटलाने 'अरे' म्हणावे, वाढली की 'अहो' म्हणावे. निरीक्षण कमी असलेल्याने चुकून आजीला अहोजाहो करावे आणि साहेबाला अरेतुरे. बोली ओळखण्याचे कौशल्य असेल तरच मालवणी म्हाताऱ्याने पोटातले सांगावे. असा छोटासा खेळ, दोन गावांचा, शंभर संवादांचा, पुण्या-मुंबईतल्या खेळ बनवणाऱ्या तरुणांपैकी कुणीतरी करायला घ्यावा. संवाद वाचून, तपासून द्यायला प्रस्तुत लेखक केव्हाही तयार आहे.