जॅक गळतोय, पण कशामुळे?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्यासारख्या दुरुस्तीच्या शेडमध्ये सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य कोणतं असेल, तर ते म्हणजे "जॅक गळतोय, तेवढं सील टाकून द्या." पुणे-नाशिक रस्त्यानं मंचर, राजगुरुनगर, चाकणकडून येणारा शेतकरी असो, नाहीतर मोशीतल्या बांधकामावरचा ठेकेदार असो, मागणी हीच. जॅक म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडर. ट्रॉली उचलतो तो जॅक, जेसीबीचा हात हलवतो तो जॅक आणि छोट्या ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या लोडरचं बकेट वरखाली करतो तोही जॅकच. त्यातलं रबरी सील शे-दोनशे रुपयांचं असलं, तरी ते फाटलं की मशीन उभं राहतं, शेणखत पसरायचं राहतं आणि दिवसाचं भाडं बुडतं. म्हणून माणसाला घाई असते आणि ती आम्हाला समजते. पण सील सहसा आपणहून मरत नाही. त्याला कुणीतरी मारलेलं असतं. ते कुणी मारलं, हे शोधल्याशिवाय नवं सील घालणं म्हणजे गळक्या छपराखाली नुसती बादली ठेवणं.

हा जॅक काम कसा करतो, ते आधी पाहू. एक जाड नळकांडं, त्यात सरकणारा पिस्टन आणि पिस्टनला जोडलेला चकचकीत रॉड. नळकांड्याच्या तोंडाशी ग्लँड नावाचं झाकण असतं. रॉड त्यातूनच आतबाहेर करतो. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. इथे तोच राबतो. मोटारीच्या चाकात दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो दाब असतो. लोडरच्या तेलात तो १५० किलोच्या आसपास जातो. आता ५० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन धरा. त्याचं क्षेत्रफळ होतं साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर. म्हणजे मनगटाएवढा हा जॅक जवळजवळ ३,००० किलोंच्या जोरानं रेटतो. परत येताना मात्र ३० मिलिमीटरचा रॉड पिस्टनची बरीचशी जागा अडवतो, म्हणून ओढण्याचा जोर १,९०० किलोंपर्यंतच राहतो.

एवढा दाब सरकत्या रॉडच्या कडेनं बाहेर पडू द्यायचा नाही, हे काम सीलचं. हा प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यानं १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण दाब वाढला की तेही गळायचं. त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेनं त्यावर चामड्याच्या वाटीसारखी कडी सुचवली, असं सांगतात. आतला दाब जितका वाढेल, तितके त्या कडीचे ओठ फाकून रॉडला अधिक घट्ट बिलगत. आजचं पॉलियुरेथेनचं सील त्याच युक्तीवर चालतं. स्क्रू कापणारा लेथ कारखान्यात रोजच्या वापराचा झाला, तोही याच मॉडस्लेच्या हातून. तेव्हा भोसरीत लेथ फिरवणाऱ्या आणि सील बसवणाऱ्या अशा दोघांनीही त्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

आता सील मरतं कशानं? पहिला शत्रू धूळ आणि गंज. रॉडवर हार्ड क्रोमचा थर असतो, बऱ्याचदा जेमतेम २० ते २५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. पावसाळ्यात जॅक लांब करून मशीन उघड्यावर ठेवलं, त्यावर शेण किंवा खत लागून राहिलं, की बारीक छिद्रांतून गंज खालपर्यंत पोचतो. क्रोमला खड्डे पडतात आणि प्रत्येक फेरीला त्यांची धार सीलवर कानसेसारखी फिरते. हे ओळखायला उपकरण लागत नाही. इंजिन बंद करून, बकेट जमिनीला टेकवून, रॉड पुसून घ्यावा आणि त्यावरून नख फिरवावं. नख अडखळलं, तर तिथे सीलही अडखळतं.

दुसरा शत्रू वाकलेला रॉड. मागे एका शेतकऱ्याचा लोडर आमच्याकडे आला होता. बकेटच्या जॅकचं सील एका हंगामात दोनदा बदललेलं. "मिस्त्री, किट डुप्लिकेट निघालं का हो?" त्यांनी विचारलं. किट चांगलं होतं. आम्ही रॉड व्ही ब्लॉकवर ठेवून फिरवला आणि डायल गेजचा काटा एक मिलिमीटरहून जास्त हलला. डोळ्याला तो रॉड सरळच दिसत होता. ग्लँडमधलं बुश एका बाजूनं खाल्लेलं होतं आणि सील फाटलं होतं तेही त्याच बाजूला. मी विचारलं, "काका, बकेट खाली तोंड करून, ट्रॅक्टर मागे घेत माती सपाट करता का?" ते म्हणाले, "रोजच करतो की."

त्यात गोम अशी, की बकेट ओतलेल्या स्थितीत असताना रॉड पूर्ण बाहेर आलेला असतो. काठी जितकी लांब, तितकी दाबल्यावर लवकर वाकते, हे आपल्याला ठाऊक आहे. ऑयलर या स्विस गणितज्ञानं अठराव्या शतकात त्याचा हिशेब मांडला. सडपातळ दांड्याची लांबी दुप्पट झाली, की वाकण्याआधी तो पेलू शकेल असं वजन निम्मं नव्हे, चौथाई होतं. म्हणून सपाटीकरण करताना बकेट फार उतरतं धरू नये आणि ढिगाऱ्यात वेगानं घुसू नये.

तिसरा शत्रू झिजलेल्या पिना. दोन्ही टोकांची भोकं लंबगोल झाली, ग्रीस मिळालं नाही, की जॅक सरळ रेषेत ढकलत नाही, तिरका ढकलतो. रोज काम सुरू करण्यापूर्वी ग्रीसगनचे दोन-चार दट्टे मारले, तर हे दुखणं कितीतरी वर्षं लांब राहतं.

एक गैरसमजही इथेच दूर करतो. वर उचलून ठेवलेले लोडरचे हात हळूहळू खाली येतात, तेव्हा सगळे म्हणतात, पिस्टनचं सील गेलं. पण विचार करा. व्हॉल्व्हनं दोन्ही वाटा नीट बंद केल्या असतील, तर सिलिंडर म्हणजे काठोकाठ भरून बूच मारलेली बाटली. हात खाली यायचे, तर रॉडला आत शिरायला हवं. तेल तर दाबून लहान होत नाही. मग रॉडला जागा कुठली? एकटं पिस्टनचं सील फाटलं, तर हात थोडे बसतील, पण सतत उतरत राहणार नाहीत. ते उतरत राहतात तेव्हा तेल बाहेर जायला कुठेतरी वाट मिळालेली असते. बाहेर गळती दिसत नसेल, तर ती वाट बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या झिजलेल्या स्पूलमध्ये निघते. पिस्टनचं सील गेल्याची खूण वेगळी. उचल कमी होते, वजन घेताना हात रेंगाळतात. ही परीक्षा टेबलावर होते. रॉड पूर्ण बाहेर काढून मागच्या बाजूनं दाब द्यायचा आणि पुढच्या उघड्या तोंडाकडे पाहायचं. तिथून तेल येत राहिलं, तर सील गेलं. ही परीक्षा न करता जॅक उघडला, तर पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

खरी दुरुस्ती मग अशी चालते. ग्लँड छिनी-हातोड्यानं ठोकून नव्हे, योग्य पान्यानं सोडवायचं. रॉडवर बारीक ओरखडा असेल, तर तो तेलदगडानं घासून जातो. किंचित वाक प्रेसवर काढता येतो, पण त्यात क्रोमला तडे जाऊ शकतात. म्हणून जास्त वाकलेला रॉड बदललेलाच बरा. बाजारात तयार क्रोम केलेली गोल सळई मिळते. ती मापानं कापून लेथवर आटे पाडले आणि टोकाला डोळा वेल्ड केला, की नवा रॉड तयार. नळकांड्यात रेघा असतील, तर होनिंग करायचं. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे या परिसरात कारखाने वसले. त्यांच्या आधारानं छोट्या शेडही वाढल्या. त्यामुळे एकच जॅक लेथवाल्याकडून ग्राइंडिंगवाल्याकडे आणि तिथून होनिंगवाल्याकडे पायी फिरवता येतो. सीलचं माप मात्र जुन्या, तेल पिऊन फुगलेल्या सीलवरून घेऊ नये. ज्या खाचेत ते बसतं, तिचं माप घ्यावं. सीलचे ओठ दाबाच्या दिशेनं हवेत. उलटं बसलं, तर नवं सीलही पहिल्याच फेरीत गळतं. ग्लँड सरकवताना रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळावी, नाहीतर सील बसायच्या आधीच कापलं जातं.

शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं. जॅक पुन्हा मिळतो, माणूस मिळत नाही. नुसत्या तेलावर तोललेल्या हातांखाली कधीही जाऊ नका. बकेट जमिनीला टेकवा. ते शक्य नसेल, तर लोखंडी टेकू द्या. पाइप सोडण्याआधी इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवा, म्हणजे अडकलेला दाब उतरतो. पिस्टन निघत नाही म्हणून कॉम्प्रेसरची हवा सोडायची सवय अनेक ठिकाणी आहे. तो पिस्टन गोळीसारखा सुटतो. तेल भरलेल्या बंद सिलिंडरवर वेल्डिंग करणं तर स्फोटाला आमंत्रण आहे.

आणि गळती हातानं चाचपू नका. पाइपच्या सुईएवढ्या भोकातून सुटलेली तेलाची धार कातडीतून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते. पहिल्यांदा फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल बोटाच्या मांसातून पसरत असतं आणि उशीर झाला, तर बोट कापावं लागू शकतं. असं झालं, तर त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. तिथे "काहीतरी टोचलं" म्हणू नका. "जास्त दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. तो पाइपाजवळून लांबूनच फिरवावा, धार असेल तर पुठ्ठ्यावर उमटते.

पुढच्या वेळी जॅक दुरुस्तीला द्याल, तेव्हा मिस्त्रीला दोन गोष्टी विचारा. सील कशानं गेलं आणि रॉड गेजवर फिरवून पाहिला का? आणि जुनं सील मागून घ्या. ते कोणत्या बाजूनं फाटलंय, हे पाहिलं तरी निम्मी गोष्ट तुम्हालाच कळेल.