वेर्चेल्ली: भाताच्या मुलखातली सात विजेतेपदं

ट्यूरिनहून मिलानला जाणारी रेल्वे साधारण निम्म्या वाटेवर वेर्चेल्ली स्टेशनात थांबते. सेझिया नदीकाठचं हे शहर पन्नास हजार वस्तीचंही नाही, पण इटलीतल्या भातशेतीचं ते मुख्य ठाणं आहे. 1866 साली कावूर कालव्याचं पाणी आलं आणि भोवतालच्या सपाटीवर भाताची खाचरं आणखी पसरली. बाहेरचा पाहुणा इथं येतो तो तेराव्या शतकातलं सांत आंद्रेआचं चर्च बघायला, किंवा कॅथेड्रलच्या ग्रंथालयात जपलेली, जुन्या इंग्रजीत लिहिलेली हजार वर्षांपूर्वीची पोथी बघायला. या गावाची तिसरी मिळकत मात्र फारशा पर्यटकांच्या यादीत नसते. 1908 ते 1922 या काळात इथल्या ‘प्रो वेर्चेल्ली’ या क्लबने इटलीचं फुटबॉल विजेतेपद सात वेळा जिंकलं. तोरिनो आणि बोलोन्या यांच्या नावावर तेवढीच विजेतेपदं आहेत. नापोली, रोमा, लात्सिओ, फियोरेन्तिना या चौघांपैकी कुणीही अजून त्या आकड्यापर्यंत पोचलेलं नाही.

ही हकिगत बहुतेक वेळा चमत्कार म्हणून सांगितली जाते: छोट्या गावाला एकदा सुगीचे दिवस आले, मग काळ बदलला आणि ते ओसरले. मला ही मांडणी चुकीची वाटते. प्रो वेर्चेल्लीच्या चढतीला सरळ कारणं होती आणि उतरतीलाही होती. उतरतीच्या काळातही गावाची खेळाडू घडवण्याची ताकद आटली नव्हती. आटली ती घडवलेला खेळाडू गावात ठेवण्याची ऐपत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एकच समजल्यामुळे या क्लबवर अन्याय होतो.

आधी चढतीबद्दल. ही संस्था 1892 ची, आणि सुरुवातीला ती फुटबॉलची नव्हती, व्यायामशाळेची होती. 1903 साली मार्चेल्लो बेर्तिनेत्ती या तरुणाने तिच्यात फुटबॉलची शाखा काढली. हा स्वतः तलवारबाज. पुढे 1924 आणि 1928 च्या ऑलिम्पिकमध्ये सांघिक सुवर्णपदकं मिळवणारा. जेनोआ, मिलान, ट्यूरिन इथल्या क्लबांत तेव्हा इंग्रज आणि स्विस व्यापारी मंडळींचा भरणा असे. वेर्चेल्लीत खेळत ती गावातली आणि आसपासची पोरं. तालमीची शिस्त त्यांच्या अंगात आधीच मुरलेली होती, वर्षानुवर्षं ती एकत्र खेळत होती, आणि खेळाडूला उघड पैसे देण्याची मुभा कुणालाच नसल्यामुळे मोठ्या शहराचा पैसा त्यांना उचलून नेऊ शकत नव्हता. अशा स्थितीत छोटं, एकजीव गाव मोठ्या शहराला भारी पडलं तर त्यात नवल कसलं? आजूबाजूला पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. शेजारच्या कासालेने 1914 चं विजेतेपद घेतलं; नोव्हारा आणि अलेस्सांद्रिया यांच्याशीही गाठ सोपी नसे. पिएमोन्ते प्रांतातल्या या चार गावांना मिळून ‘चौकोन’ म्हणत. चमत्कार एका गावात होईल, चार शेजारच्या गावांत एकाच सुमाराला होणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: त्या काळची स्पर्धा ती केवढी, त्या विजेतेपदांना आजच्या मापात काय किंमत? आक्षेपात तथ्य आहे. 1908 साली परदेशी खेळाडूंवर बंदी आली, म्हणून जेनोआ, तोरिनो आणि मिलान बाजूला राहिले. ते पहिलं विजेतेपद तुलनेने स्वस्तात पडलं. 1913 च्या अंतिम सामन्यात लात्सिओचा 6-0 असा धुव्वा उडाला, कारण दक्षिणेकडचं फुटबॉल तेव्हा बाल्यावस्थेत होतं. पण दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. 1 मे 1913 रोजी ट्यूरिनमध्ये इटलीने बेल्जियमला 1-0 ने हरवलं. त्या दिवशी इटलीच्या अकरांपैकी नऊ जण प्रो वेर्चेल्लीचे होते, आणि एकमेव गोल केला तोही त्यांच्यातल्याच ग्विदो आराने. निवड समितीला अख्ख्या देशातून एकाच गावचे नऊ खेळाडू घ्यावे लागले, तेव्हा त्या गावाचं मोठेपण निव्वळ स्पर्धेच्या लहानपणातून आलं असं म्हणता येत नाही. 1922 ची गोष्टही तशीच. त्या वर्षी इटालियन फुटबॉल दुभंगून दोन स्पर्धा झाल्या, आणि प्रो वेर्चेल्लीने जिंकली ती बहुतेक सगळे मोठे क्लब असलेली स्पर्धा.

गाव आणि संघ यांचं नातं समजायला 1910 चा निर्णायक सामना पाहावा. इंटर आणि प्रो वेर्चेल्ली यांचे गुण सारखे झाले होते. महासंघाने 24 एप्रिल ही तारीख ठरवली. त्या दिवशी वेर्चेल्लीचे काही खेळाडू लष्करी स्पर्धेत गुंतलेले होते. तारीख बदलून मागितली, मिळाली नाही. मग निषेध म्हणून क्लबने मैदानात उतरवली अकरा ते पंधरा वर्षांची मुलं. इंटरने 10-3 असा सामना आणि आपलं पहिलं विजेतेपद जिंकलं. वेर्चेल्लीला वर शिक्षाही झाली. हा हट्ट महागात पडला, पण त्या पोरांनी इंटरवर तीन गोल केले हेही नोंदवून ठेवलं पाहिजे. गावात पुढची फळी तयार होत होती, याचा तो पुरावा आहे.

आता उतरती. 1923 साली बचावपटू विर्जिनिओ रोझेत्ता युव्हेंटसने नेला. त्यावरून एवढा वाद पेटला की तो खेळलेले युव्हेंटसचे सामने प्रतिस्पर्ध्यांना बहाल करण्यात आले. तरी वारं फिरलं होतं. 1926 च्या व्हियारेज्जो सनदेने पैसे घेऊन खेळणं रीतसर केलं आणि 1929 पासून देशभराची एकच ‘सेरी आ’ सुरू झाली. युव्हेंटसने 1931 ते 1935 सलग पाच विजेतेपदं घेतली. त्यांच्या बचावफळीची प्रसिद्ध जोडी होती वेर्चेल्लीचा रोझेत्ता आणि कासालेचा कालिगारिस. अलेस्सांद्रियातून त्यांनी फेर्रारी आणि बेर्तोलिनी उचलले. चौकोन संपला नव्हता, तो ट्यूरिनला नोकरीला लागला होता. त्याच काळात वेर्चेल्लीत सिल्व्हियो पिओला उभा राहत होता. ऑक्टोबर 1933 मध्ये फियोरेन्तिनाविरुद्ध 7-2 च्या विजयात त्याने एकट्याने सहा गोल केले. 1934 मध्ये तो लात्सिओकडे गेला, आणि पुढच्याच हंगामात प्रो वेर्चेल्लीची सेरी आ मधून घसरण झाली. पिओला 1938 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल करून जगज्जेता झाला. सेरी आ मधल्या त्याच्या 274 गोलांचा विक्रम आजही कायम आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खेळाडूला त्याच्या श्रमाचं मोल मिळू लागलं, यात वाईट काय? काहीच नाही. याच वेर्चेल्लीच्या खाचरांत गुडघाभर पाण्यात वाकून भाताची बेणणी करणाऱ्या बायकांनी 1906 साली संप करून आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला होता. त्या गावच्या खेळाडूने फुकट राबावं असं म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही. रोझेत्ता गेला ते योग्यच केलं. माझं म्हणणं वेगळं आहे. नव्या व्यवस्थेने खेळाडूचा वाटा मान्य केला, पण त्याला घडवणाऱ्या गावाचा वाटा एकरकमी सौद्यात संपवला. पिओला पुढे तोरिनो, युव्हेंटस आणि नोव्हाराकडूनही खेळला; त्या प्रवासात वेर्चेल्लीला जागा नव्हती.

पुढची वर्षं खडतर गेली. 2010 मध्ये मूळ क्लब आर्थिक अडचणीत बुडाला आणि गावातल्याच दुसऱ्या संघाने त्याचं नाव पुढे चालवलं. 2012 मध्ये 64 वर्षांनी संघ सेरी बी मध्ये परतला, 2018 मध्ये पुन्हा खाली आला. त्याच्या मैदानाला आज पिओलाचं नाव आहे. खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय सौद्याच्या रकमेतले पाच टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना द्यावेत, असा नियम फिफाने 2001 मध्ये केला. तेव्हा प्रो वेर्चेल्लीला सेरी आ सोडून 66 वर्षं झाली होती.