इंजिनाचे आयुष्य

ठाण्यात टेंभी नाक्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत रिक्षांची ये-जा चालू असते. रिक्षा चालली तर घरची चूल पेटते. इंजिन बसले की कमाई बसते, पण कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून रिक्षावाल्याला एक प्रश्न नेहमी पडतो. हे इंजिन टिकणार तरी किती? चला, आपण हे नीट समजून घेऊ.

इंजिनात इंधन जळते. तो जाळ सुमारे दोन हजार अंश तापतो. पिस्टन असतो ॲल्युमिनिअमचा. ॲल्युमिनिअम तर ६६० अंशांवरच वितळते! मग पिस्टन वितळत कसा नाही? कारण जाळ क्षणभरच टिकतो, आणि उष्णता सारखी बाहेर काढली जाते.

पुष्कळ मोटारींत हे काम पाणी करते. पण काही इंजिने वाऱ्यानेच निवतात. त्यांच्या सिलिंडरला बाहेरून पातळ पात्या असतात. चहा बशीत ओतला की पसरतो आणि लवकर निवतो. पात्यांचेही तसेच आहे. वाऱ्याला लागायला जास्त जागा मिळते. रिक्षाचे इंजिन मागे झाकलेले असते. तिथे बाहेरचा वारा पुरत नाही. म्हणून पंखा लावलेला असतो.

बजाज कंपनीला १९५९ साली दुचाक्या व तीनचाक्या बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. पुढे अशा वाऱ्यावर निवणाऱ्या इंजिनांच्या रिक्षा गावोगाव पोचल्या. जर्मनीची फोक्सवॅगन बीटल ही मोटारही याच जातीची. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल निघाली. तोवर २ कोटी १५ लाखांवर गाड्या बनल्या होत्या.

बीटलचे इंजिन नीट जपले तर दीड लाख किलोमीटरच्या आसपास जाते. हयगय केली तर त्याच्या निम्म्यातच बसते. इंजिन तेच, पण आयुष्य वेगळे. असे का?

पहिले कारण तेल. बीटलमध्ये तेल जेमतेम अडीच लिटर. तेच तेल भाग घसटू देत नाही, आणि उष्णताही वाहून नेते. म्हणून दर पाच हजार किलोमीटरला ते बदलायचे असते. जुन्या टू-स्ट्रोक रिक्षात तेल पेट्रोलमध्येच मिसळत. दोन टक्के म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होई.

दुसरे कारण घाण. पात्यांत चिखल आणि तेलकट धूळ बसली की वारा लागत नाही. पावसाळा संपला की पात्या साफ करून घ्याव्यात.

तिसरे कारण ओझे आणि गर्दी. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी आपल्याला ठाऊक आहे. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. इंजिन हळू फिरले की पंखाही हळू फिरतो. अशा वेळी जादा माणसे कोंबू नयेत. थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे.

इंजिन मरण्याआधी सांगते. चढावर ओढ कमी होते. फोर-स्ट्रोक इंजिन निळा धूर सोडू लागते. याचा अर्थ रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या बाजू झिजल्या, तेल जळते आहे. तेव्हाच मिस्त्रीला दाखवावे. बोअर करून मोठा पिस्टन बसवला की इंजिन पुन्हा उभे राहते. उशीर केला तर खर्च कितीतरी वाढतो.

आता एक हिशेब करू. समजा, रिक्षा रोज १०० किलोमीटर धावते, वर्षाचे ३०० दिवस. म्हणजे वर्षाला ३० हजार. पाच वर्षांत दीड लाख! घरची मोटार तेवढ्याच काळात सहसा याहून बरीच कमी धावते. म्हणून इंजिनाचे वय वर्षांत मोजू नये, किलोमीटरमध्ये मोजावे.

त्यासाठी एक छोटी वही करा. तेल बदलले की तारीख लिहा, किलोमीटर लिहा, खर्च लिहा. आपल्याला आता लिहिता येते. पुढचे तेल केव्हा, हे मग कोणाला विचारावे लागणार नाही. वही उघडली की झाले.