उतारावरचा देश : रवांडा

रवांडात सपाट जागा शोधावी लागते. विषुववृत्ताच्या जेमतेम दोन अंश दक्षिणेला असलेला हा देश हजार टेकड्यांचा म्हणून ओळखला जातो, आणि त्यातली टेकडी न् टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत कसलेली असते. केळी, घेवडा, रताळी, बटाटे, कुठे चहाचे मळे. देशाचे क्षेत्रफळ 26,338 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या बाराव्या हिश्श्याच्या आसपास. 2022 च्या जनगणनेनुसार तेवढ्या जागेत 1 कोटी 32 लाख माणसे राहतात आणि त्यातली बहुसंख्य शेतीवर पोट भरतात. इथल्या पर्यावरणाच्या कामाकडे पाहताना ही जमिनीची टंचाई आधी लक्षात घ्यायला हवी. जंगलासाठी राखलेला प्रत्येक एकर कोणाच्या तरी शेताला नाकारलेला असतो.

रवांडाला समुद्र नाही. युगांडा, टांझानिया, बुरुंडी आणि काँगो यांनी तो चहूबाजूंनी वेढलेला आहे. बाहेरून येणारा माल दार-ए-सलाम किंवा मोंबासा बंदरात उतरतो आणि हजाराहून अधिक किलोमीटर ट्रकने प्रवास करून राजधानी किगालीला पोहोचतो. इथले पाणी मात्र दोन समुद्रांना मिळते. पश्चिमेला उत्तर-दक्षिण पसरलेली एक उंच डोंगररांग आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस जसा अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्यात वाटला जातो, तसा या रांगेच्या पश्चिम उतारावरचा पाऊस किवू सरोवरातून काँगो नदीकडे आणि पुढे अटलांटिकला जातो. पूर्वेकडचा नाईलमार्गे भूमध्य समुद्र गाठतो. नाईलचा सर्वांत दूरचा उगम याच रांगेवरच्या न्युंग्वे अरण्यात आहे, असे मानले जाते. चिंपांझी आणि कोलोबस माकडांचे हे अरण्य 2023 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

विषुववृत्त इतके जवळ असूनही उकाडा नाही, तो उंचीमुळे. किगाली समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटरवर आहे. तिथले सरासरी तापमान वर्षभर वीस-एकवीस अंशांच्या आसपास राहते. वायव्येचा कारिसिंबी ज्वालामुखी तर 4,507 मीटर उंच. पाऊस वर्षातून दोनदा येतो. मार्च ते मे मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. या पावसावर दोन पिके निघतात, आणि हाच पाऊस उतार खचवतो. मे 2023 च्या सुरुवातीला एका रात्रीच्या अतिवृष्टीत पश्चिम आणि उत्तर भागात दरडी कोसळून आणि पूर येऊन 130 हून अधिक माणसे दगावली.

या देशाने निसर्गाशी आपला हिशेब कसा सुधारला हे पाहायचे, तर ज्वालामुखींच्या उतारावरच्या प्रसिद्ध गोरिलांच्या आधी रुगेझीला जायला हवे. उत्तरेकडे दोन हजार मीटर उंचीवर ही विस्तीर्ण पाणथळ आहे. तिचे पाणी बुरेरा सरोवरात येते, आणि बुरेरा व त्याच्या खालचे रुहोंडो यांच्यातल्या शंभरेक मीटरच्या उतारावर न्तारुकाचे जलविद्युत केंद्र चालते. लोकसंख्या वाढली तशी माणसे पाणथळीत शिरली. चर खणून पाणी काढले गेले, पिके घेतली गेली. भोवतालच्या उघड्या उतारांवरची माती खाली येत राहिली. त्यात पाऊस कमी झाला, केंद्राच्या व्यवस्थापनातही ढिलाई होती. बुरेराची पातळी घसरली आणि 2003-04 च्या सुमारास न्तारुकाची वीजनिर्मिती कोसळली. सरकारला डिझेल जनित्रे भाड्याने आणावी लागली. बंदरापासून इतक्या दूरच्या देशाला डिझेल किती महाग पडते, हे वेगळे सांगायला नको. विजेचे दर वाढले.

मग पाणथळीत शेती करायला आणि चर खणायला बंदी आली. काठावर बांबू आणि गवताचे पट्टे लावले गेले, उतारांवर माती अडवणारे चर काढले, कमी लाकूड लागणाऱ्या चुली वाटल्या. पाणी परतले, वीज परतली, सोनेरी तुऱ्याच्या क्रौंचांचा अधिवासही सावरला. पण पाणथळीत पिके घेणाऱ्या, तिथले गवत कापून विकणाऱ्या गरीब कुटुंबांचा घास आधी गेला. ही किंमतही या यशकथेत मोजली पाहिजे.

बाकीचे उपक्रम जगाला अधिक ठाऊक आहेत. प्लास्टिक पिशव्यांवर 2008 मध्येच बंदी आली. महाराष्ट्राने असा निर्णय घेतला तो दहा वर्षांनी. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी 'उमुगांडा' असतो: गावोगाव गटारे उपसणे, झाडे लावणे, उतारांवर मजग्या काढणे. हे श्रमदान कायद्याने बंधनकारक आहे. 1994 मध्ये रवांडात झालेल्या वंशसंहारानंतर परतलेल्या निर्वासितांना वसवण्यासाठी पूर्वेच्या अकागेरा उद्यानाचा मोठा भाग तोडावा लागला होता आणि तिथले सिंह नामशेष झाले होते. 2015 मध्ये तिथे पुन्हा सिंह सोडले गेले, 2017 मध्ये काळे गेंडे. ज्वालामुखींच्या उतारावर गोरिला पाहण्याचे शुल्क परदेशी पर्यटकांसाठी 1,500 डॉलर आहे आणि उद्यानांच्या पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नाचा दहा टक्के वाटा उद्यानांलगतच्या गावांना मिळतो. मला हा वाटा शुल्काच्या आकड्याहून महत्त्वाचा वाटतो.

देशाचा सुमारे तीस टक्के भाग वृक्षाच्छादित असल्याचे सरकार सांगते. त्यात निलगिरीच्या लागवडीचा वाटा मोठा आहे. बहुतेक घरांत अजून सरपण किंवा कोळसाच जळतो. त्यामुळे ही झपाट्याने वाढणारी झाडे लोकांना हवीच आहेत. पण निलगिरीची रांग म्हणजे न्युंग्वे नव्हे. चुलीचा प्रश्न सुटेपर्यंत उतारावर देशी झाडांना जागा मिळणे अवघड आहे.