त्रिकोणी काळजाची मोटार परत येईल का?

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा बघू!

शेंगेच्या पोटात त्रिकोण फिरे,
गरगर गरगर, थांबेना बरे!
न धापा टाकता धावे भराभर,
कुणाचं काळीज? सांगा लवकर!

नाही सुचलं? अरे, हे आहे एका जपानी मोटारीचं इंजिन! मोटारीचं नाव आरएक्स-७. बनवणारी कंपनी माझदा. नाव ओळखीचं वाटतंय ना? पूर्वी आपल्या रस्त्यांवर 'स्वराज माझदा' नावाचे छोटे ट्रक आणि मिनीबस धावायच्या. त्यातली माझदा ती हीच. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.

ही आरएक्स-७ २००२ साली बनायची बंद झाली. पण गंमत अशी की जगभरातले तिचे चाहते अजून तिची वाट बघतायत! कंपनीनं जरा कुठे काही नवं दाखवलं, की यांची कुजबुज सुरू. "आली रे आली!" खरंच येणार आहे का ती? चला, आपणच गुप्तहेर होऊन शोध घेऊ या. पण त्याआधी त्या कोड्यातल्या काळजाची ओळख करून घ्यायला हवी.

वर-खाली नाही, गरगर!

आपल्या नेहमीच्या मोटारीच्या इंजिनात दट्ट्या असतो. सायकलच्या पंपात हवा भरताना दट्ट्या कसा वर-खाली होतो? तस्साच. फक्त इथे त्याला ढकलतो पेट्रोलचा भडका. वर जायचं, थांबायचं, उलट फिरायचं, पुन्हा खाली यायचं. मिनिटाला हजारो वेळा ही कसरत! म्हणून इंजिन थरथरतं.

फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन अभियंत्यानं विचार केला, चाकांना जर गोल फिरायचंय, तर इंजिनानं वर-खाली का करायचं? तेही फिरू दे की!

आता डोळ्यांपुढे भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग आणा. ती उभी चिरली की आत कशी मधे किंचित चिमटलेली पोकळी दिसते? या इंजिनाचं पोट साधारण तसंच असतं. त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात. त्यामुळे त्रिकोण आणि भिंत यांच्यामध्ये तीन खोल्या तयार होतात आणि त्रिकोण फिरेल तशा त्या लहान-मोठ्या होत राहतात. एका खोलीत हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसरीत ठिणगी पडून भडका उडतो, तिसरीतून धूर बाहेर जातो. सगळं एकाच वेळी! भाग थोडे, आकार लहान, थरथर कमी. आहे की नाही डोकं?

सैतानाची नखं

माझदा ही हिरोशिमाची कंपनी. हो, तेच हिरोशिमा, ज्याच्यावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला. १९६१ मध्ये या कंपनीनं एनएसयू या जर्मन कंपनीशी करार करून हे इंजिन बनवायचा हक्क मिळवला. पण इंजिन चालवून उघडून बघतात तो काय? आतल्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडेच ओरखडे! त्रिकोणाच्या टोकांना बसवलेल्या पट्ट्या थरथरत होत्या आणि भिंत खरवडत होत्या. जपानी अभियंत्यांनी त्या ओरखड्यांना नाव ठेवलं, 'सैतानाच्या नखांच्या खुणा'.

केनइची यामामोतो हे त्या अभियंत्यांचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली ४७ जणांचा चमू. जपानमध्ये ४७ निष्ठावान सामुराई योद्ध्यांची कथा घराघरांत माहीत आहे. म्हणून यांनाही ४७ योद्धे म्हणू लागले. त्यांनी पट्ट्यांसाठी किती तरी पदार्थ वापरून पाहिले. शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी कामी आली. १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' ही मोटार बाजारात आली आणि १९७८ मध्ये तिची धाकटी बहीण आरएक्स-७. पुढे यामामोतो कंपनीचे अध्यक्षही झाले!

आरएक्स-७ चे पुढच्या २४ वर्षांत तीन अवतार झाले. तिसऱ्या अवताराचं इंजिन १,३०८ सीसीचं होतं. आपल्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, म्हणजे हे त्याच्या दुप्पटही नाही. पण टर्बो लावलेल्या या इंजिनाची ताकद सुरुवातीलाच २५५ अश्वशक्ती होती!

जिंकले, आणि एक अफवा जन्मली

फ्रान्समधल्या ल माँ गावी दर वर्षी २४ तासांची शर्यत होते. दिवसरात्र गाडी पळवायची. जून १९९१ मध्ये माझदाची '७८७ बी' ही चार त्रिकोणांच्या इंजिनाची गाडी ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. ही शर्यत जिंकणारी ती पहिलीच जपानी गाडी! शेवटी गाडी चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका गळून गेला होता, की बक्षीस घ्यायलासुद्धा उभा राहू शकला नाही.

पुढच्या वर्षी हे इंजिन शर्यतीत चाललं नसतं. मग चाहते सांगू लागले, "जपानी जिंकले म्हणून मुद्दाम बंदी घातली!" ऐकायला झकास गोष्ट आहे, पण खरी नाही. शर्यतीचे नियम बदलायचं या विजयाच्या आधीच ठरलेलं होतं. बघा, आवडत्या गोष्टीबद्दल आपण किती चटकन विश्वास ठेवतो!

मग बंद का पडली?

कारण या काळजाला एक दुखणं होतं. त्या खोल्या लांबट आणि पसरट. भडका कोपऱ्यांपर्यंत नीट पोचत नाही. थोडं पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर जातं. शिवाय टोकांच्या पट्ट्या झिजू नयेत म्हणून आत थोडं तेल सोडावं लागतं, तेही जळतं. म्हणजे पेट्रोल जास्त, धूर जास्त. १९७३ मध्ये जगात तेलाची टंचाई झाली, तेव्हा पेट्रोल जास्त पिणाऱ्या या गाड्यांकडे लोकांनी पाठ फिरवली आणि कंपनी बुडता बुडता वाचली. पुढे धुराचे नियम कडक होत गेले. २००२ मध्ये आरएक्स-७ थांबली. तिच्यानंतर आलेली आरएक्स-८ देखील २०१२ मध्ये बंद झाली.

तेव्हा प्रश्न नुसता "गाडी परत येईल का" एवढाच नाही. आपल्याला श्वास घ्यायला हवा लागते. ती घाण न करता ही गाडी परत येईल का, हा खरा प्रश्न आहे.

गुप्तहेरांनो, धागे तपासा!

धागा पहिला. ऑक्टोबर २०१५. टोकियोच्या प्रदर्शनात माझदानं 'आरएक्स-व्हिजन' ही लालचुटूक नमुना गाडी मांडली. चाहत्यांनी लगेच हिशेब मांडला. कंपनी स्थापन झाली १९२० साली, म्हणजे शंभराव्या वाढदिवसाला, २०२० मध्ये गाडी येणार! 'आरएक्स-९' असं तिचं बारसंही करून टाकलं. जपानी मासिकांनी कल्पनेनं चित्रं छापली. २०२० आलं आणि गेलं. गाडी काही आली नाही.

धागा दुसरा. २०२३ मध्ये त्रिकोणी इंजिन खरोखर परत आलं, ११ वर्षांनी! पण कुठे? 'एमएक्स-३०' या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत. तिथे ८३० सीसीचा एकुलता एक त्रिकोण चाकं फिरवतच नाही. तो वीज तयार करतो आणि ती वीज गाडी चालवते. लहान आणि हलकं इंजिन या कामाला अगदी बरं पडतं.

धागा तिसरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'आयकॉनिक एसपी' ही आणखी एक सुंदर नमुना गाडी आली. तिच्यात दोन त्रिकोण आणि जोडीला बॅटरी.

धागा चौथा. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष मासाहिरो मोरो यांनी जाहीर केलं, की या इंजिनासाठी वेगळा गट पुन्हा उभारणार. १ फेब्रुवारीपासून ३६ अभियंते कामाला लागले.

धागा पाचवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'व्हिजन एक्स-कूपे' ही नमुना गाडी दाखवली. दोन त्रिकोण, टर्बो, बॅटरी, मिळून ५१० अश्वशक्ती! आणि इंधन? सूक्ष्म शेवाळापासून बनवलेलं, अशी त्यामागची कल्पना. दुखण्यावर औषध शोधणं चालू आहे, हे यातून दिसतं.

आता सांगा, सगळे धागे सारखेच पक्के आहेत का? नाही! नमुना गाडी म्हणजे आश्वासन नव्हे. दुकानाच्या काचेत मांडलेला कपडा आपल्या मापात मिळेलच असं थोडंच असतं? पण ३६ माणसांना पगार देऊन एकाच कामाला बसवणं हा धागा जास्त जाड आहे. तरीही तो धागाच. विक्रीची तारीख सांगितली, कारखान्यातून गाडी बाहेर पडली, तर तो पुरावा.

आली, पण कुणाच्या काळजानं?

अशी बंद पडलेली गाडी परत आल्याचं उदाहरण आहे का? आहे! टोयोटाची 'सुप्रा' देखील २००२ मध्येच बंद झाली होती. २०१४ मध्ये नमुना गाडी दिसली आणि २०१९ मध्ये सुप्रा खरंच परत आली. पण तिचं इंजिन होतं जर्मनीच्या बीएमडब्ल्यूचं आणि ती बनत होती ऑस्ट्रियात. काही चाहते नाचले, तर काही रुसले. "नाव तेच, पण ही आमची सुप्रा नव्हे!" म्हणाले. म्हणजे परत येणं म्हणजे नेमकं काय, हेही आधी ठरवायला हवं, नाही का?

पावसाळ्यात शाळेत "उद्या सुट्टी!" अशी आवई उठते. कुणी म्हणतं, "मला वाटतं." कुणी म्हणतं, "आभाळ भरून आलंय." आणि कुणी सूचना-फलक वाचून येतं. पहिली इच्छा, दुसरा धागा, तिसरा पुरावा. इच्छा बाळगायला काहीच हरकत नाही. ४७ योद्ध्यांनी ती बाळगली नसती, तर सैतानाची नखं कापलीच गेली नसती! फक्त इच्छेला पुरावा म्हणू नका, म्हणजे झालं.

आता तुमची पाळी!

इच्छा, धागा की पुरावा? ओळखा.
१) "एवढी छान गाडी बंद राहूच शकत नाही."
२) "कंपनीनं नवी नमुना गाडी मांडली."
३) "२०२३ मध्ये त्रिकोणी इंजिनाची एमएक्स-३० कारखान्यात तयार होऊ लागली, म्हणजे इंजिन परत आलं."

उत्तरं : १) इच्छा, २) धागा, ३) पुरावा. पण पुरावा इंजिनाचा हं, आरएक्स-७ चा नव्हे!